बाराव्या गाण्यानंतर

धुळ्याच्या देवपुरात झुलालचं कॅसेटी भरून द्यायचं दुकान होतं, आणि त्या दुकानात गिऱ्हाईकाला नाव विचारायची सक्त मनाई होती. मनाई कोणाला, तर खुद्द झुलालला. आणि घालणाराही तोच. असली माणसं असतात, त्याला आपण काय करणार?

गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. तेव्हा लोक कोरी कॅसेट घेऊन यायचे, आवडीची बारा गाणी सांगायचे, आणि झुलाल ती आपल्या दोन डेकांवर उतरवून द्यायचा. गाण्यांची यादी तो स्वतःच्या हाताने लिही. गिऱ्हाईकाला पेन देत नसे, कारण त्याच्या मते अक्षर म्हणजे अर्धं नाव. मग तो ती चिठ्ठी मधोमध फाडायचा. अर्धा तुकडा गिऱ्हाईकाच्या हातात, अर्धा कॅसेटीला रबर लावून फळीवर. दोन दिवसांनी तुकडा घेऊन या, फाटकी कड फाटक्या कडेला जुळली की कॅसेट तुमची. तुकडा झुलालकडे परत. तुम्ही कोण, कुठले, कोणाचे, त्याच्याशी त्याला काही कर्तव्य नाही.

आधी असं नव्हतं. आधी चांगली लाल पुठ्ठ्याची वही होती, नाव, पत्ता, गाणी, सगळं तिच्यात. एकदा एका मुलीचा बाप कॅसेट न्यायला आला, वेळ जाईना म्हणून वही चाळत बसला, आणि त्याला दिसलं की आपल्या होणाऱ्या जावयाने सुपारी फुटल्याच्या दुसऱ्याच दिवशी बारा गाणी भरून नेली आहेत आणि बाराच्या बारा रडकी. बापाने तिथूनच जाऊन लग्न मोडलं. मुलाला बिचाऱ्याला रडकी गाणी आवडत होती, बाकी काही नव्हतं. पुढे दोन वर्षं त्याला कोणी मुलगी देईना. झुलालने ती वही बंबात घातली आणि तिच्यावर आंघोळीचं पाणी तापवलं.

हे झालं गाण्यांचं. आता बोलण्याचं ऐका.

साठ मिनिटांच्या कॅसेटीत बारा गाणी बसवली की शेवटी तीन-चार मिनिटांची फीत रिकामी राहते. एक दिवस एक बाई म्हणाली, "भाऊ, ह्या उरलेल्या जागेत माझ्या बहिणीसाठी दोन शब्द बोलू का?" बोला म्हणाला. तेव्हापासून ते सुरूच झालं. सासुरवाशिणीचं पत्र दहा जण वाचतात, पण गाण्याची कॅसेट बाराव्या गाण्याच्या पुढे कोण ऐकत बसतंय? मागच्या खोलीत झुलाल माइक ठेवून द्यायचा, बाईला आत बसवून दार ओढून घ्यायचा, आणि स्वतः बाहेर डेकापाशी. हेडफोन खुंटीला. डोळे डेकावरच्या काट्यावर. काटा हलतोय म्हणजे आवाज येतोय. लाल रेघेपलीकडे गेला की बटण जरा मागे घ्यायचं. बस. काटा बघायचा, ऐकायचं नाही. भरून झालेलं त्याने एकदाही वाजवून पाहिलं नाही. लोकांची दाढी करणारा गप्पा मारतो, झुलाल तेवढाही नाही.

अशीच प्रमिला आली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दहा-बारा दिवस होते. दुपारी दोनची वेळ, रस्त्यावर कुत्रं नाही.

झुलालने नाव विचारलं नाही, पण देवपुरात तिला कोण ओळखत नव्हतं? रुपचंद आबांची सून. आबा म्हणजे रिटायर पोस्टमास्तर. खुर्ची सुटली, सवय सुटली नाही. पोस्टमन अजूनही घरचं टपाल आबांच्याच हातात द्यायचा आणि आबा ते फोडून, चष्मा पुसून, सुनेला मोठ्याने वाचून दाखवायचे. तिने लिहिलेलं पत्रही आधी आबांच्या नजरेखालून जायचं. "लिही ना, कोण नको म्हणतं?" असं म्हणायचे, आणि समोर बसायचे. मग ती काय लिहिणार? इकडील सर्व खुशाल. नवरा सुरतेला गिरणीत, सहा महिन्यांनी येणारा, आला की बापासमोर मूग गिळून बसणारा.

तीन वर्षं झाली, आबांनी तिला आखाजीला माहेरी धाडलं नव्हतं. खानदेशात लेक आखाजीला माहेरी गेली नाही तर गल्ली विचारते, बाई, तुझं माहेर बुडालं का? कारण काय, तर फेटा. लग्नात प्रमिलाच्या भावाने, कौतिकने, आबांना मानाचा फेटा बांधला. मे महिना, घाम, आणि फेट्याचा रंग कच्चा. भर मांडवात आबांचं कपाळ, नाक, मिशा आणि सदरा गुलाबी झाला. लोकांना वाटलं गुलाल खेळले. तीन दिवस रंग निघाला नाही. "व्याह्यांनी माझं माकड केलं," आबा म्हणाले, आणि माहेरचा रस्ता बंद. वर स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात जामनेरला तिच्या माहेरी कळवलं, की सूनबाई इकडे रमल्या आहेत, यायचं म्हणत नाहीत.

प्रमिलाने बारा लहान-लहान गाणी निवडली, म्हणजे शेवटी जागा जास्त उरावी. मागच्या खोलीत गेली. चार मिनिटं काटा हलला. मग जवळजवळ एक मिनिट अगदी तळाशी थरथरत राहिला, शून्यावर आला नाही. मग टप्पकन पडला. ती पदराने तोंड पुसत बाहेर आली, अर्धी चिठ्ठी पोलक्यात खोचली आणि म्हणाली, "गुरुवारी नेते, झुलालभाऊ. जामनेरच्या गाडीचा कंडक्टर आमच्या गावचा आहे. आईच्या हातात पडली म्हणजे झालं."

गाणी भरायची राहिली होती, ती झुलालने सोमवारी भरली. मंगळवारी धाड पडली.

मुंबईच्या एका गाण्याच्या कंपनीचा साहेब आला. पांढरा सदरा, हातात फाइल, आवाज असा मऊ की गिऱ्हाईकच वाटावा. बरोबर झिपरू हवालदार. दुसऱ्याची गाणी विनापरवाना उतरवून विकायची हा गुन्हा आहे, हे साहेबांनी कलमासकट सांगितलं. गुन्हा होताच, इथे कोणी त्याची वकिली करत नाही. दोन डेक, दीडशे कोऱ्या कॅसेटी आणि फळीवरच्या भरलेल्या शेहेचाळीस, सगळं जप्त.

"तुमच्याशी माझं वैर नाही," साहेब म्हणाले. "मला गिऱ्हाइकं द्या. दहा जणांनी जबाब दिला की ह्याने पैसे घेऊन भरून दिलं, तर केस पक्की. तुम्ही माफीनामा लिहा, डेक परत घेऊन जा."

"नावं नाहीत."

साहेबांनी एक अर्धी चिठ्ठी रबरातून सोडवली. "हिचा दुसरा तुकडा कोणाकडे?"

"गिऱ्हाइकाकडे."

"गिऱ्हाईक कोण?"

"ज्याच्याकडे दुसरा तुकडा आहे तो."

साहेबांनी झिपरूकडे पाहिलं. झिपरू म्हणाला, "खरं शे, साहेब. बठ्ठास्ले, सगळ्या गावले माहीत शे. हाऊ माणूस असाच शे."

मग पंचनामा. पंच म्हणून प्रतिष्ठित माणसं लागतात. एक समोरचा चहावाला चिंधा, आणि दुसरे कोण? देवपुरात चोरी होवो, आग लागो, म्हैस विहिरीत पडो, पंच एकच. रुपचंद आबा. त्यांना बोलवावं लागलंच नाही. ते धोतराचा सोगा सावरत, स्वतःचा बोरू-दौत घेऊन हजर होते.

"प्रत्येक कॅसेट वाजवून कोणती गाणी आहेत ती लिहावी लागतील," साहेब म्हणाले. "शेहेचाळीस तास लागतील, आबा."

"मला कुठे जायचंय?" आबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की झुलालला घाम फुटला.

झिपरूने कॅसेटींवर क्रमांक टाकले. प्रमिलाची एकोणिसावी आली. झुलालने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि परत पाहिलं नाही.

चौकीत पहिली कॅसेट लागली. आबांनी कोष्टक आखून बारा गाणी लिहिली. बारावं गाणं संपलं, नुसती खरखर सुरू झाली. चिंधा उठायला लागला.

"बस," आबा म्हणाले. "चाळीस वर्षं टपाल हाताळलंय मी. खरा मजकूर 'ता.क.'मध्ये असतो."

आणि फीत संपेपर्यंत त्यांनी ती खरखर कानाला हात लावून ऐकली.

दुसऱ्या कॅसेटीला बाराव्या गाण्यानंतर बाईचा आवाज आला. अक्का, मी यशोदा बोलते. माझी सासू पाहुण्यांपुढे जे पापड मिरवते ना, ते माझ्या हातचे असतात, तिचे खाऊन गेल्या वर्षी जावयाचा दात पडला. झिपरू हसला. आबा हसले नाहीत. त्यांनी लिहिलं: "गल्ली नंबर तीनमधील यशोदाबाई, सासूविषयी अनुदार उद्गार." संध्याकाळी चारपर्यंत सासूला कळलं होतं, पाचला यशोदाबाईंची भांडी अंगणात होती.

झुलाल हे बघत होता आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बाईने त्याच्या दुकानात, त्याच्या भरवशावर तोंड उघडलं होतं. आज चार कॅसेटी झाल्या. एकोणिसावी शनिवारी लागणार. आबांच्या कानावर, शेवटच्या खरखरीपर्यंत. एकदा ते झालं की आखाजी सोडाच, त्या पोरीला पुन्हा कधी माहेरचा कावळासुद्धा दिसणार नाही.

तो तडक साहेबांच्या लॉजवर गेला. साहेब ओला पंचा डोक्यावर घेऊन पंख्याखाली बसले होते.

"गुन्हा कबूल," झुलाल म्हणाला. "सगळ्या शेहेचाळीस कॅसेटी मी भरल्या. कोर्टात सांगतो. फक्त पुढच्या वाजवू नका."

"काय आहे त्यांत?"

"गाणी."

"आणि नावं?"

"नावं नाहीत, साहेब. डेक घ्या, दुकान घ्या. नावं नाहीतच, आणि असती तरी दिली नसती."

साहेबांनी डोक्यावरचा पंचा काढला. म्हणाले, "सहा वर्षं मी हेच करतोय. गावोगाव जायचं आणि गाणी ऐकायची. घरी बायको गुणगुणली तरी माझ्या तोंडून निघतं, परवाना आहे का?" त्यांनी पंचा पिळला. "बेचाळीस तास वाचवता आहात तुम्ही माझे. पण डेक परत मिळणार नाहीत. हा धंदा पुन्हा करायचा नाही."

"नाही करणार."

बोलायला सोपं होतं. दहा वर्षांचा धंदा होता तो.

दुसऱ्याच दिवशी कोर्टात उभं केलं. "गिऱ्हाइकं कोण होती?" न्यायाधीशांनी विचारलं. "बारा गाण्यांची, साहेब. त्यापलीकडे ओळख नाही," झुलाल म्हणाला. दंड झाला, डेक सरकारजमा झाले, कॅसेटी नष्ट करायचा हुकूम झाला. फक्त एका माणसाने हरकत घेतली. "पंचनामा अपुरा राहतो!" आबा म्हणाले. त्यांनी शेहेचाळीस कॅसेटींची कोष्टकं आधीच आखून ठेवली होती, त्यांतली बेचाळीस कोरी राहिली.

कोर्टाच्या मागे झिपरूने फिती ओढून ढीग केला आणि काडी लावली. प्लास्टिकचा काळा धूर सुटला. आबा नाकाला उपरणं लावून शेवटपर्यंत उभे होते. सुनेचं बोलणं त्यांच्यापासून दोन हातांवर जळालं, आणि त्याखाली त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात सही केली: शेहेचाळीस नग समक्ष जाळले.

गुरुवारी प्रमिला दुकानाशी आली. फळ्या रिकाम्या बघून दारातच थांबली.

"गेली का, भाऊ?"

"जळाली, ताई. पण कोणी ऐकली नाही. कोणीच नाही."

तिने मान हलवली. रडली नाही. झुलालला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं. "मी जामनेरला जातो," तो म्हणाला. "तोंडी सांगतो. काय सांगू?"

ती म्हणाली, "मशीनला सांगितलं ते माणसाला कसं सांगू, भाऊ?" आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी झुलाल जामनेरच्या गाडीत बसला. निरोप नाही, चिठ्ठी नाही, कॅसेट नाही. जळगाव येईपर्यंत त्याने स्वतःला तीन वेळा गाढव म्हणून घेतलं. काय सांगणार होता तो? की तुमच्या लेकीने काहीतरी सांगितलंय, आणि काय ते मला माहीत नाही?

शेवटी हेच सांगितलं. प्रमिलाची आई, भिकुबाई, अंगणात बाजेवर कुरडया वाळत घालत होती. झुलालने दुकान, चिठ्ठ्या, धाड, सगळं सांगितलं. म्हातारीचे हात थांबले नाहीत.

"माही पोर रमली तिकडे," ती म्हणाली. "पत्र येतात ना. व्याह्यानं लिहेल व्हतं, यायचं नाही म्हणते म्हणून. तीन साल झाले. मी तं म्हनलं, इसरली आपल्याले."

"चार मिनिटं बोलल्या त्या."

"काय बोलली?"

"मी ऐकलं नाही, अक्का. आम्ही ऐकत नाही. नुसता काटा बघतो."

"कोनता काटा?"

झुलालने जमिनीवर बोटाने अर्धगोल काढला. इथे शून्य, इथे लाल रेघ. माणूस बोललं की काटा असा उठतो. भिकुबाई कुरडई हातात धरून वाकली.

"माही पोर बोलली तवा कुठी व्हता?"

"आधी इथे. मध्यात." त्याने बोट ठेवलं. "मग दोनदा लाल रेघेपर्यंत गेला."

"अन् मंग?"

"मग खाली आला. एवढासा." बोट शून्याच्या जरा वर थरथरवून त्याने दाखवलं. "पण थांबला नाही. मिनिटभर असाच हलत होता. मग बंद."

म्हातारी त्या बोटाकडे बघत राहिली. झुलालला बोट मागे घेता येईना.

"मी ऐकलं नाही, अक्का," तो पुन्हा म्हणाला.

"तू नाही ऐकलं," भिकुबाई म्हणाली. "मी ऐकलं."

तिने हातातली कुरडई बाजेवर ठेवली, कडा सरळ केली, आणि घराकडे तोंड करून हाक मारली. "कौतिक! उठ. बाजारात जाय. पांढरी टोपी आन. रंगाचं काहीच आनू नको."

कौतिक तिसऱ्या दिवशी देवपुरात आबांच्या ओट्यावर उभा राहिला. झुलाल समोर चिंधाकडे चहा घेत होता, म्हणून हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. कौतिकने टोपी पुढे केली आणि भर गल्लीत वाकून पाया पडला. "आबा, फेट्याचं चुकलंच माझं. बहिणीला न्यायला आलोय."

आबांनी टोपी उलटसुलट केली. मग आत जाऊन तांब्या आणला आणि ती पाण्यात बुडवली. गल्ली बघत होती. पाणी स्वच्छच राहिलं. गल्लीसमोर आता नाही कसं म्हणणार?

"पण तुला निरोप कोणी दिला?" आबांनी विचारलं. "इथून पत्र गेलेलं नाही. एकही नाही. मला माहीत आहे."

"आईला वाटलं," कौतिक म्हणाला.

आबांना ते पटलं नाही. त्यांनी पोस्टमनला उभा करून दोन महिन्यांचं टपाल तोंडपाठ म्हणून दाखवायला लावली. ओली टोपी त्यांच्या डोक्यावर ठिबकत होती.

झुलाल पुढे मिक्सर-पंखे दुरुस्त करायला लागला. बरं चाललं, फार नाही. डेकाची आठवण त्याला येई, आणि आली की तो चिडे. पण प्रमिला माहेरी निघाली त्या दिवशी तो एसटी स्टँडपर्यंत उगाचच गेला होता. गाडी भरली होती. खिडकीत प्रमिला, शेजारी कौतिक, मांडीवर पिशवी. तिने झुलालला पाहिलं आणि खिडकीतून हात बाहेर काढला. हातात घामाने मऊ झालेला चिठ्ठीचा तुकडा होता. फाटक्या कडेची सहा गाणी, त्याच्याच अक्षरात.

"हे घ्या, भाऊ."

"कशाला, ताई? चिठ्ठीचा दुसरा तुकडा जळाला. कॅसेट तर तुम्हाला मिळालीच नाही."

"कॅसेट हातात पडली की चिठ्ठी परत करायची, तुमचाच नियम ना?" प्रमिला म्हणाली. "आईच्या हातात पडली."

कंडक्टरने घंटी मारली. झुलालने तुकडा वरच्या खिशात ठेवला आणि गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत तिथेच उभा राहिला.